मामाने बसवलेलं कुलूप

मामाला एका जागी बसवणं कधी कुणाला जमलं नाही. घरात सगळे त्याला भिंगऱ्या म्हणायचे, आणि हे नाव खुद्द आईनेच ठेवलेलं असल्यामुळे तक्रार कुणाकडे करायचीही सोय नव्हती. शाळेच्या बाकावर, न्हाव्याच्या खुर्चीत, दातांच्या डॉक्टरकडे, कुठेही बसवा, त्याचा एक पाय हलत असायचा नाहीतर बोटं काहीतरी चाचपत असायची. धंदाही त्याने स्वभावाला साजेसाच निवडला. कुलपं दुरुस्त करायची, किल्ल्या बनवायच्या, आणि कुणी स्वतःच्या घराबाहेर अडकलं की हत्यारांची पिशवी खांद्याला मारून धावत सुटायचं. अशा माणसाच्या ताब्यात ताईने आपली दहा महिन्यांची ठकू दिवसभरासाठी द्यायचं ठरवलं, यावरून ती किती अडलेली होती हे ओळखावं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं तपासायचं काम करायची. बाळंतपणाची रजा वाढवून वाढवून संपली होती आणि ठकूला सांभाळायला कबूल झालेल्या बाई ऐनवेळी आजारी पडल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती या दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर राहायला आली, तेव्हापासून तिने ठकूला कुणाच्या हाती दिलं नव्हतं. शेजारणीने नुसतं कडेवर घेतलं तरी ही हात पुढे करून उभी. आदल्या दिवशी तिने भावाला समोर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं.

"उद्याचा एक दिवस बघते. नीट गेला तर परवाही जाईन कामावर. नाहीतर नोकरी सोडते आणि दार लावून घरात बसते. मग मला कुणी काही समजवायला यायचं नाही."

दार लावून बसायची सोय मामानेच करून दिली होती. या घरात आल्या आल्या ताईने त्याच्याकडे कुलूप मागितलं होतं. "असं बसव की तुलासुद्धा उघडता येणार नाही," म्हणाली होती. मामा आधी हसला आणि मग त्याला ते लागलं. त्याने बाजारातलं सगळ्यात हट्टी कुलूप आणलं. दार आपोआप लोटलं जावं म्हणून वर स्प्रिंगचा दांडा बसवला. दार लोटलं गेलं की कुलूपही आपोआप लागायचं आणि बाहेरून किल्लीशिवाय तसूभर हलायचं नाही. दारात खालच्या बाजूला पत्रं टाकायची फट होती. तिच्यातून वाकडी तार घालून आतली कडी ओढणारे चोर त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने कडीवर आतून पत्रा ठोकला. सगळं झाल्यावर तो मोठ्या अभिमानाने म्हणाला होता, "घे, आता माझ्या बापालाही उघडणार नाही."

हे सगळं होतं दाजीसाठी. दाजी म्हणजे ताईचा नवरा आणि मामाचा शाळेपासूनचा दोस्त. लग्न ठरल्यावर मामाने त्याला थट्टेने दाजी म्हणायला सुरुवात केली आणि तेच कायम राहिलं. उंच इमारतींना दोरावर लोंबकळून बाहेरून रंग द्यायचं त्याचं काम. मारहाण, दारू असलं काही नव्हतं. दाजीचं एकच होतं. फोन केला की तो म्हणायचा, "निघालोच," आणि यायचा नाही. ठकू झाली त्या रात्री ताई दवाखान्यात कळा देत होती. तेव्हाही तो निघालोच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उगवला. त्यानंतर ठकूची लस राहिली, तपासणी राहिली, ताईच्या तापात औषध राहिलं. शेवटी ताई निघाली, आणि निघताना म्हणाली की माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही.

तर त्या सकाळी ताई बाहेर पडली. पडली म्हणजे काय, जिन्यातून तीनदा परत आली. एकदा सांगायला की केळं नीट कुस्करून दे. एकदा सांगायला की झोपवताना पाठीवर थोपट, डोक्यावर नको. तिसऱ्यांदा तिने काहीच सांगितलं नाही, नुसती ठकूकडे बघून गेली. कारखान्यात फोन फाटकावरच काढून घेतात, त्यामुळे दिवसभर ती हाताला लागणार नव्हती, हे मात्र तिने पहिल्या दोन्ही वेळा बजावलं. आणि तिन्ही वेळा तिच्या मागे दार इतक्या जोरात आपटलं की ठकू दचकून रडली.

पहिला तास मामाच्या नाकीनऊ आणण्यात गेला. ठकू रडली, मग मामाचं नाक ओढलं, मग पुन्हा रडली. मामाने तिला खांद्यावर घेऊन दोन खोल्यांतून इतक्या फेऱ्या मारल्या की त्याच्या लेखी ती एक सहलच झाली. केळं अर्धं पोटात आणि अर्धं त्याच्या शर्टवर गेलं. अखेर ती झोपली. मामाने तिला बाहेरच्या खोलीत गादीवर ठेवलं, उशा लावल्या आणि खुर्चीवर बसला.

आता नुसतं बसायचं होतं. त्याला तेवढंच जमत नव्हतं. पाय हलायला लागला. हात शिवशिवायला लागले. त्याने खिडकीतून बघितलं, नळ घट्ट केला, कपाटाचं सैल बटण पिळलं. मग त्याला आठवलं की पिशवीत एका गिऱ्हाइकाचं जाम झालेलं कुलूप आहे. पोर झोपलंय तोवर होऊन जाईल, असं म्हणून त्याने जमिनीवर फडकं पसरलं आणि कुलूप खोललं. आत तांदळाएवढ्या पितळी पिना असतात, त्यांच्या मागे केसासारख्या स्प्रिंगा. एकेक काढून त्याने फडक्यावर ओळीने मांडल्या.

आणि मध्येच त्याला दाराचं आठवलं. ते आपटणं त्याच्या डोक्यातून जाईना. आपण बसवलेलं दार आपल्याच भाचीला घाबरवतं म्हणजे काय. त्याने फडकं तसंच ठेवलं, स्टुलावर चढून दांड्याचा स्क्रू थोडा सैल केला, थोडा घट्ट केला, तेलाचे दोन थेंब सोडले. काम झालं.

आता मामाची एक सवय होती. कुठलंही दार दुरुस्त झालं की तो बाहेर जायचा, दार लोटून द्यायचा आणि डोळे मिटून कुलूप लागल्याचा आवाज ऐकायचा. आवाज बरोबर असला तरच काम बरोबर. आत गिऱ्हाईक असायचंच, ते दार उघडायचं आणि मामा मान डोलवत आत यायचा. इतक्या वर्षांत हे शरीरात भिनलं होतं. तसाच तो बाहेर गेला, दार सोडलं आणि डोळे मिटले. दार अगदी हळुवार आलं. लोण्यात सुरी जावी तसं कुलूप लागलं. इतकं सुंदर की मामा स्वतःशीच हसला.

मग त्याने डोळे उघडले.

खिसे चाचपण्यात अर्थ नव्हता तरी त्याने चाचपले. ताईच्या घराची दुसरी किल्ली त्याच्या जुडग्यात होती आणि जुडगा आत होता. दुकानाची किल्ली त्याच जुडग्यात. हत्यारांची पिशवी आत, फोन आत. आणि जमिनीवर, गादीपासून हाताच्या अंतरावर, पिना मांडलेलं ते फडकं. दहा महिन्यांचं मूल दिसेल ते तोंडात घालतं, हे कळायला मामा व्हावं लागत नाही.

तो जमिनीवर आडवा झाला आणि पत्रांच्या फटीतून बघायला लागला. ठकू झोपलेली होती. तिची एक मूठ दिसत होती. मामाने जिन्यात तारेचा तुकडा तरी मिळतो का म्हणून बघितलं, कुणाच्या तरी सायकलच्या टोपलीची तार सोडवली, फटीतून आत घातली आणि कडीकडे वळवली. तार जाऊन त्याने ठोकलेल्या पत्र्यावर आपटली. जे जे त्याला सुचत होतं ते ते त्याने स्वतःच चार महिन्यांपूर्वी बंद केलं होतं. चोराची अक्कल लढवून त्याने दार बांधलं होतं आणि आता त्याच अकलेने तो बाहेर बसला होता. त्याने स्वतःला दोन अस्सल शिव्या दिल्या, पण हळू आवाजात, पोर उठेल म्हणून.

पोर उठलंच. तारेचा खडखडाट झाला आणि ठकूने डोळे उघडले. मामाने फटीतून हाक मारली. ती रांगत दारापाशी आली आणि फटीत बोटं घातली. मामाने ती बोटं धरली. तो बडबडायला लागला, जे सुचेल ते, चिऊचं, माऊचं, किल्ल्यांचं. बोलणं चालू होतं तोवर ठकू दाराशी होती. पण त्याला कळेना की हे किती वेळ चालवायचं. हात धरून बसलं तर दार उघडत नाही आणि दार उघडायला जावं तर हात सोडावा लागतो.

वरच्या मजल्यावर मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या एक बाई राहायच्या. जिन्यातली बडबड ऐकून त्या खाली आल्या. एक मोठा माणूस पालथा पडून दाराशी माऊचं नाटक करतोय हे त्यांनी क्षणभर बघितलं आणि मग काय झालं ते विचारलं. मामाने आडव्यानेच सांगितलं.

बाई शांत डोक्याच्या. म्हणाल्या, कुलूपवाल्याला बोलवू या, खाली सूचना फलकावर एकाचं कार्ड लावलंय, दिवसरात्र सेवा म्हणून. मामा काही बोलायच्या आत त्या धावत खाली गेल्या, नंबर घेऊन आल्या आणि फिरवला.

घरात सोफ्याच्या कडेला फोन वाजायला लागला.

"तो मीच आहे," मामा जमिनीवरून म्हणाला.

बाईंनी एवढंच विचारलं, की मग तुमची हत्यारं कुठे आहेत. याचं उत्तर फटीतून दिसत होतं. कारण माऊचा कंटाळा येऊन ठकू वळली होती आणि रांगत रांगत फडक्याकडे निघाली होती. अर्ध्या वाटेवर तिने वाजत्या फोनचा आवाज ऐकला, थांबली, आणि सोफ्याकडे वळली. तिथे बसून तिने फोनवर थाप मारली आणि हसली.

मामाच्या लक्षात आलं. फोन वाजत होता तोवर पोर पिनांपासून लांब होतं. बाईंनी फोन बंद केला की ती पुन्हा फडक्याकडे निघायची, लावला की परत फिरायची. बाईंच्याही लक्षात आलं आणि त्या लावत राहिल्या. पण बाहेर फोन एकच होता, बाईंचा. त्यावरून ठकूला तरी खेळवायचं नाहीतर कुणाला तरी बोलवायचं. अग्निशामक दलाला बोलवू का, असं बाई म्हणाल्या. मामाने क्षणभर विचार केला. ती माणसं कुऱ्हाडीने दार फोडणार आणि ठकू कुठल्या क्षणी दाराला टेकून बसेल याचा नेम नाही. शिवाय येणार कधी.

जिन्याच्या खिडकीतून पलीकडची उंच इमारत दिसायची. तिच्यावर दोराला बांधलेला पाळणा लोंबत होता आणि पाळण्यात बसून कुणी तरी भिंत रंगवत होतं. ते कोण आहे हे मामाला आठवडाभर ठाऊक होतं. ताईला त्याने सांगितलं नव्हतं. आता तो ज्याच्यासाठी हे कुलूप बसवलं त्यालाच बोलवायला निघाला होता, आणि ताईला कळलं तर ती काय म्हणेल हे त्याला अगदी शब्दन् शब्द ऐकू येत होतं. त्यातून दाजी म्हणजे निघालोच. इतका वाईट पर्याय शोधूनही सापडला नसता. पण स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरणारा दुसरा माणूस मामाच्या ओळखीत नव्हता.

ताईचा नंबर त्याला पाठ नव्हता, दाजीचा होता. बाईंनी घरातला फोन तोडला आणि तो लावला. तेवढ्यात ठकू फडक्याकडे निघालीच.

"मी बोलतोय," मामा म्हणाला. "ठकू आत आहे, मी बाहेर. दार लागलं. किल्ली आत आहे. ती पिनांपाशी चाललीये रे, तोंडात घालेल. स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे."

पलीकडून काहीच आलं नाही. निघालोच नाही, हो नाही. फोन बंद झाला.

मामाला कळेना याचा अर्थ काय. बाईंनी पुन्हा घरातला फोन वाजवायला घेतला, पण ठकूला आता त्यात राम वाटेना. ती फडक्यापाशी बसली. तिने एक पीन उचलली, बघितली. मामा फटीतून ओरडला, गायला, भुंकला, त्याने दारावर तबला वाजवला. ठकूने त्याच्याकडे बघितलं आणि मूठ तोंडाकडे नेली. त्याने उठून दाराला खांदा दिला, एकदा, दोनदा, आणि दार जसंच्या तसं. अंग दुखलं तेवढंच. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की आपण हे काम जरा वाईट केलं असतं तर.

"पाळणा खाली येतोय," बाई खिडकीतून म्हणाल्या. "भराभरा येतोय हो. माणूस उतरला. पळतोय."

मामाला ते खरं वाटेना. पण थोड्याच वेळात जिन्यात पावलं वाजली आणि दाजी वर आला, खांद्यावर दोराचं भेंडोळं, हातांवर कोपरापर्यंत पांढरा ओला रंग. चार महिन्यांनी दोघं समोरासमोर येत होते. दाजी थांबला नाही. गच्चीचं दार उघडं आहे का एवढंच त्याने विचारलं आणि बाईंनी हो म्हणेपर्यंत तो वरच्या मजल्यावर पोचलाही होता.

मामा पुन्हा फटीला डोळा लावून पडला. ठकूचे गाल फुगलेले दिसत होते. ते नेहमीच फुगलेले असतात का, हे त्याला आठवेना. वरून काहीतरी घासल्याचा आवाज आला, मग स्वयंपाकघरात भांडं पडलं, आणि मग फटीतून दोन पावलं दिसली, अनवाणी, पांढऱ्या ठिपक्यांची.

दाजी गुडघ्यांवर बसला. त्याने ठकूच्या तोंडात बोट घातलं. ठकूने आकांत केला.

"एक निघाली," दाजी म्हणाला.

मामाने त्याला फडक्याची पुरचुंडी करून फटीतून बाहेर द्यायला सांगितलं, आणि जमिनीवर हात फिरवून बघायला सांगितलं, आणि गादीखाली, आणि तिच्या झबल्यात. पुरचुंडी बाहेर आली, खोललेलं कुलूप आणि ती ओली पीनही तिच्यातच. कुलपाच्या प्रत्येक भोकात एक पीन, प्रत्येक पिनेमागे एक स्प्रिंग. मामाने जिन्यात बसून सगळ्या जिथल्या तिथे बसवल्या. एकही भोक रिकामं राहिलं नाही, म्हणजे ठकूने काही गिळलं नव्हतं. जीव भांड्यात पडला तेव्हा त्याला कळलं की आपण रडतोय. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"उघड आता," मामा दाराला म्हणाला.

दार उघडलं नाही. ठकू मात्र जीव तोडून रडत होती, अनोळखी माणसाकडे पोरं रडतात तशी.

"दाजी, उघड ना."

"उघडतो. थांब जरा."

मामा थांबला, म्हणजे उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. आत बाप आणि लेक, बाहेर हा, आणि मध्ये कुणाच्या बापाला न उघडणारं दार. ताईला ज्याची भीती होती ते सगळं त्याच्या डोक्यात एकदम गर्दी करून आलं. दोर अजून खिडकीला लोंबतोय. पोरीला घेऊन उतरला तर? दाजीने नाहीच उघडलं तर? संध्याकाळपर्यंत असाच बसला तर? ताई येईल, किल्ली लावेल आणि समोर हे बघेल. आपण एका दिवसात तिच्या चार महिन्यांची वाट लावली, असं त्याला वाटलं आणि त्याला दाजीचा राग आला, मग स्वतःचा, मग पुन्हा दाजीचा.

"काय चाललंय तुझं?" तो फटीतून म्हणाला. "का उघडत नाहीस?"

दाजी दाराजवळ आला असावा. त्याचा आवाज अगदी जवळून आला.

"ओळखत नाही रे मला."

मामाने फटीवरचा डोळा काढला.

"दार उघडलं की ती तुझ्याकडे झेप घेईल," दाजी म्हणाला. "घेऊ दे. तुझीच सवय आहे तिला. पण एकदा माझ्याकडे गप्प होऊ दे. एकदाच. मग उघडतो."

मामा जमिनीवर बसला. त्याला ठाऊक होतं की आत्ता आपण नुसतं चिऊ म्हटलं तरी ठकू दाराकडे धावेल. सकाळपासून ती त्याच्याच आवाजाला वळत होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, तोंड मिटलं आणि बसला. बाई काहीतरी विचारणार होत्या, त्यांना त्याने मानेनेच नको म्हटलं. आयुष्यात इतका वेळ तो कधी हलल्याशिवाय बसला नव्हता. त्याचा पायसुद्धा हलला नाही.

ठकू रडत राहिली. मग रडण्यात खंड पडायला लागले. दाजी काही गात नव्हता, बोलत नव्हता, फक्त त्याच्या पावलांचा आवाज येत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. हुंदके राहिले. मग तेही थांबले. त्यानंतरही पावलं थोडा वेळ चालूच होती.

कडी वाजली आणि दार उघडलं.

ठकू दाजीच्या खांद्यावर होती, गालाला पांढरा रंग, एक बोट बापाच्या कानात. मामाला बघून ती हसली आणि त्याच्याकडे आली, पण झेप घेऊन नाही. बाईंनी आत डोकावून सगळं ठीक आहे ना ते बघितलं आणि काही न बोलता वर निघून गेल्या. दाजी स्वयंपाकघराकडे वळला.

"दारातून जा ना," मामा म्हणाला.

"दारात पाऊल ठेवायचं नाही म्हणाली होती." दाजीने खिडकीतून दोर ओढून बघितला. "ठेवलेलं नाही."

तो कट्ट्यावर चढला. मामाला राहवलं नाही. ठकूला कडेवर धरून त्याने विचारलं की आज फोन ठेवायच्या आत धावत आलास, मग ठकू झाली त्या रात्री कुठे मेला होतास.

दाजीने आधी दोर कमरेला बांधला.

"दवाखान्याच्या फाटकाशी होतो," तो म्हणाला. "रात्रभर. आत यायची हिंमत झाली नाही. दोरावर असलं की हातात धरायला काहीतरी असतं. तिथे काहीच नव्हतं." मग म्हणाला, "तिला आजचं सांग, नको सांगू, तुझं तू बघ," आणि खिडकीबाहेर गेला.

उरलेला दिवस मामाने ठकूला कडेवरून खाली ठेवलं नाही. तिचा गाल पुसला, खिडकीच्या चौकटीवरचा रंग पुसला, पडलेलं भांडं जागेवर ठेवलं, पिशवी कपाटावर चढवली. संध्याकाळ झाली तेव्हा घर असं होतं की जणू काही घडलंच नाही. कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता. गप्प बसलं तर दिवस नीट गेला होता आणि ताई दुसऱ्या दिवशीही कामावर जाणार होती. गप्प बसणं आज त्याने नुकतंच शिकलेलं होतं.

ताई जिना धावतच चढली. तिने ठकूला घेतलं, वास घेतला, उलटसुलट करून बघितलं. "कसा गेला दिवस?" असं विचारलं आणि मामा म्हणाला, छान. मग ताई म्हणाली की दार किती हळू लागलं, तू काही केलंस का. साधाच प्रश्न होता, कौतुकाचा. पण तिच्या चेहऱ्यावर चार महिन्यांत पहिल्यांदाच असं काही सैल झालेलं दिसलं की मामाला ते खोटेपणाने घेता येईना. तो उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. पिना, फडकं, फोन, पाळणा, खिडकी. दाजी आत किती वेळ राहिला आणि का, तेही. फक्त फाटकाचं सांगितलं नाही, कारण ते त्याचं सांगायचं नव्हतं.

ताईने आधी ठकूच्या तोंडात बोट घालून बघितलं. मग ती भावावर अशी बरसली की मामाने मान वर केली नाही. मूल जमिनीवर आणि पिना जमिनीवर, तुला अक्कल नावाची वस्तू आहे का, आई तुला भिंगऱ्या म्हणायची ते कौतुकाने नव्हे. ते सगळं खरं होतं आणि त्याने ऐकून घेतलं. मग ती एकदम थांबली.

"त्याला फोन केलास तर निघालोच म्हणाला असेल."

"काही म्हणाला नाही. फोन ठेवला आणि आला."

"लगेच?"

"हातावरचा रंगसुद्धा वाळला नव्हता."

मामाला वाटलं होतं की हे ऐकून तिला बरं वाटेल. ताई खाली गादीवर बसली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा वेडावाकडा झाला.

"म्हणजे येता येतं त्याला," ती म्हणाली. "मग तेव्हा का नाही आला? मी प्रत्येक वेळी दार वाजलं की बघत होते. नर्स यायची. प्रत्येक वेळी नर्सच यायची."

ती रडली, ठकूला छातीशी धरून, आवाज न करता. ठकू तिच्या गळ्यातल्या दोऱ्याशी खेळत राहिली. मामाच्या तोंडात उत्तर होतं आणि त्याने ते दातांनी धरून ठेवलं. तो एवढंच म्हणाला की हे मला नको विचारू, त्याला विचार.

मग ताईने पदराने नाक पुसलं आणि ठकूला मांडीवर घेतलं.

"उद्या कामावर जायचंय मला," ती म्हणाली. "ती हत्यारं घरी ठेवून ये. आणि संध्याकाळी त्याला बोलाव. विचारायचंच आहे मला." तिने ठकूचं झबलं सारखं केलं. "दारातून ये म्हणावं."